पाटी न लागणारी देणगी

(मंडळाच्या निधिसंकलन कार्यक्रमात केलेले भाषण)



मसालेभाताचा वास इथपर्यंत येतोय आणि आम्हाला दहाच मिनिटं दिली आहेत. तेव्हा तुमच्या आणि ताटाच्या मध्ये फार वेळ उभं राहत नाही. आम्ही दोघंही सॉफ्टवेअरवाले. या सभागृहात इतके डॉक्टर बसलेले असताना आम्ही हॉस्पिटलातल्या इन्फेक्शनवर बोलायचं, म्हणजे काकूंना पुरणपोळी शिकवण्यासारखंच आहे. पण हा विषय आम्ही निवडला नाही. तो आमच्या घरी न बोलावता आला.

२०१८ साली बाबा देशात घरातच घसरून पडले आणि खुब्याचं हाड मोडलं. आम्ही मिळेल त्या विमानाने गेलो. ऑपरेशन उत्तम झालं. लघवीसाठी नळी घातली होती, ती "राहू दे अजून, सोयीची आहे" म्हणत राहिली. किती दिवस? नऊ. ती का आहे हे आम्ही विचारलं नाही आणि कुणी सांगितलंही नाही. नळीची पिशवी पलंगाखाली लोंबकळत असे. भेटायला येणाऱ्यांना ते बरं दिसत नाही, म्हणून आम्हीच ती उचलून बाबांच्या शेजारी पलंगावर ठेवायचो. वरून चादर झाकायचो. आम्हाला वाटायचं, आपण सेवा करतोय.

पिशवी नेहमी मूत्राशयाच्या खाली हवी, नाहीतर पिशवीतली लघवी उलटी आत जाऊ शकते, हे आम्हाला नंतर कळलं. दहाव्या दिवशी हुडहुडी भरून ताप आला. लघवीतलं इन्फेक्शन रक्तात गेलं होतं. बाबा वाचले, पण नंतर काठीशिवाय चालले नाहीत. आमच्यामुळेच झालं असं कुणीही म्हणालं नाही, आणि तसं सिद्धही करता येणार नाही. पण ती झाकलेली चादर आमच्या डोळ्यांसमोरून जात नाही.

आता कुणी म्हणेल, "हे तिकडचं असंच असतं." तसं नाहीये. अमेरिकेच्या सीडीसीचा अंदाज असा की इथल्या रुग्णालयांत कुठल्याही एका दिवशी दर ३१ रुग्णांपैकी एकाला तरी रुग्णालयातच लागलेलं इन्फेक्शन असतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ च्या अहवालानुसार श्रीमंत देशांत दाखल झालेल्या १०० रुग्णांपैकी ७ जणांना आणि गरीब व मध्यम उत्पन्नाच्या देशांत १५ जणांना असं इन्फेक्शन लागतं. त्यातले दहापैकी एक दगावतात. म्हणजे माणूस आला एका आजारासाठी आणि गेला दुसऱ्याच कारणाने.

यावर उपाय काय? इथे आम्हाला आपल्या मिशिगनचा अभिमान वाटतो. आयसीयूतल्या रुग्णाच्या मोठ्या शिरेत एक नळी घालतात, सेंट्रल लाइन. तिच्यातून जंतू थेट रक्तात जाऊ शकतात. जॉन्स हॉपकिन्सच्या डॉ. पीटर प्रोनोव्होस्ट यांनी पाच गोष्टींची यादी केली. हात धुवा. नळी घालताना टोपी, मास्क, गाऊन, हातमोजे घाला आणि रुग्णाला पूर्ण निर्जंतुक चादरीने झाका. कातडी क्लोरहेक्सिडीनने पुसा. शक्यतो जांघेतून नळी घालू नका. आणि नळीची गरज संपली की ती काढून टाका. बस्स! यातलं एकही कलम डॉक्टरांना नवीन नव्हतं. नवीन होतं ते हे की एखादी पायरी चुकली तर सिस्टरने डॉक्टरांना "थांबा" म्हणायचं, आणि व्यवस्थापनाने सिस्टरच्या पाठीशी उभं राहायचं.

२००३ पासून मिशिगनमधल्या शंभरावर आयसीयूंनी हे अंगीकारलं. लागणारं सगळं सामान एकाच गाडीवर ठेवलं, म्हणजे घाईत "ते कुठे आहे?" म्हणत कुणी पायरी गाळायला नको. ही नळी वापरल्याच्या दर १,००० दिवसांमागे रक्तातली किती इन्फेक्शन्स होतात, असं मोजतात. सुरुवातीला मधल्या आयसीयूचा आकडा २.७ होता. तीन महिन्यांत तो शून्यावर आला. सरासरी ७.७ होती, ती दीड वर्षाच्या सुमारास १.४ झाली. २००६ साली हे प्रसिद्ध झालं. ना नवीन औषध, ना नवीन यंत्र!

ही गोष्ट सामान्य वाचकांपर्यंत पोचवली ती डॉ. अतुल गवांदे यांनी. त्यांचे वडील विदर्भातल्या उटी गावचे, म्हणजे नातं आपल्याच मातीशी. गवांदे यांच्या पुढाकाराने झालेली शस्त्रक्रियेची १९ कलमी यादी आठ देशांतल्या आठ रुग्णालयांत वापरून पाहिली, त्यात दिल्लीतलंही एक होतं. मोठ्या गुंतागुंतीचं प्रमाण ११ टक्क्यांवरून ७ वर आलं, तर मृत्यूंचं १.५ वरून ०.८ वर. हे २००९ सालचं.

आता आजच्या कार्यक्रमाकडे येतो. आपण ज्या रुग्णालयासाठी निधी जमवतोय ते तालुक्याच्या गावचं, चाळीस खाटांचं, धर्मादाय रुग्णालय आहे. तिथल्या डॉक्टरबाईंना आम्ही मंडळातर्फे फोन केला आणि मोठ्या ऐटीत विचारलं, "मॅडम, तुम्हाला मॉनिटर पाठवू की व्हेंटिलेटर?"

बाई क्षणभर गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "राग मानू नका, पण मला नळ द्या."

आम्हाला वाटलं, लाइन खराब आहे.

"कोपराने बंद-चालू होणारे नळ हो. प्रत्येक वॉर्डात एक, आणि त्याला दिवसभर पाणी. आत्ता हात धुवायला सिस्टरला व्हरांड्याच्या टोकाला जावं लागतं. रात्रपाळीला एकटी सिस्टर. ती वीस पेशंट सोडून किती वेळा जाणार?"

बाईंनी मग यादीच पाठवली. ती तुम्हाला थोडक्यात सांगतो.

पहिली गोष्ट नळ आणि टाकी. दुसरी, हाताला चोळायचं अल्कोहोलचं द्रावण, प्रत्येक पलंगाशी. ते विकतच घ्यायला हवं असं नाही. जागतिक आरोग्य संघटनेची कृती आहे: १० लिटरसाठी ९६ टक्क्यांचं इथेनॉल ८,३३३ मिली, ३ टक्क्यांचं हायड्रोजन पेरॉक्साइड ४१७ मिली, ग्लिसरीन १४५ मिली आणि बाकी उकळून गार केलेलं किंवा डिस्टिल्ड पाणी. पेरॉक्साइड हातांसाठी नसून बाटलीतले बीजाणू मारायला, आणि ग्लिसरीन कातडी फुटू नये म्हणून. रुग्णालयाच्या औषध विभागात प्रशिक्षित माणूस हे बनवू शकतो. (घरी स्वयंपाकघरात करू नका, भडका उडेल!) वीस-तीस सेकंद चोळलं की काम झालं. हात उघड मळलेले असतील तर मात्र साबण-पाणीच हवं. आणि क्लॉस्ट्रिडियम डिफिसिल नावाच्या जुलाबाच्या जंतूचे बीजाणू अल्कोहोलला दाद देत नाहीत, तिथेही साबण-पाणीच. म्हणून पहिला नंबर नळाचा.

तिसरी गोष्ट ऑटोक्लेव्ह, म्हणजे आपल्या कुकरचा मोठा भाऊ. तत्त्व तेच, दाबाखालची वाफ आणि १२१ अंश. बाईंकडे जुना आहे, पण तो खरंच जंतू मारतो का, हे तपासायला काही नाही. ठासून भरला तर मधल्या गाठोड्यापर्यंत वाफ पोचतच नाही. पट्टीचा रंग बदलला म्हणजे उष्णता लागली एवढंच कळतं. जंतू मेले का, ते कळायला बीजाणूंची चाचणी लावावी लागते. आम्ही दोघं पोटापाण्यासाठी टेस्टिंग करतो, त्यामुळे हे आम्हाला लगेच पटलं. "चालतंय ना!" म्हणजे तपासलेलं नव्हे.

आणि चौथी, सगळ्यात महत्त्वाची: एका सिस्टरचा तीन वर्षांचा पगार. अनुभवी सिस्टरला वॉर्डाच्या ड्यूटीतून मोकळं करायचं आणि तिच्या जागी दुसरी नेमायची. मोकळी झालेली सिस्टर रोज फेरी मारणार. कुणाची नळी आज काढता येईल? व्हेंटिलेटरवरच्या रुग्णाचं डोकं तीस ते पंचेचाळीस अंशांवर उचललेलं आहे का? सुया योग्य डब्यात जातात का? कोरड्या झाडूने धूळ उडवत नाहीत ना? किती ताप, किती जखमा पिकल्या, याची ती वही ठेवणार. आणि मोठ्या डॉक्टरांनाही "सर, हात" म्हणणार.

खरी अडचण इथेच आहे, मंडळी. समितीत आम्ही हे मांडलं तेव्हा एक काका म्हणाले, "अरे, पगाराला पाटी कुठे लावणार?" काका चेष्टेने म्हणाले, पण प्रश्न खरा आहे. यंत्राला फीत कापता येते, 'यांच्या स्मरणार्थ' असं लिहिता येतं, भारतवारीत जाऊन त्याच्याशेजारी फोटो काढता येतो. आलाच नाही त्या तापाचा फोटो कसा काढणार? जी बाळंतीण तिसऱ्या दिवशी नेहमीसारखी घरी गेली, तिला स्वतःलाही कळणार नाही की तिच्यासाठी कुणी काही केलं. पण सिस्टरच्या वहीत ते दिसेल. ती वही दर सहा महिन्यांनी मंडळाला पाठवायचं बाईंनी कबूल केलं आहे. आकडे वाईट आले तरी पाठवणार, असं त्या आपणहून म्हणाल्या. आमचा विश्वास बसला तो त्या वाक्यावर.

जाता जाता एक विनंती, हिला पैसे लागत नाहीत. देशात कुणाला हॉस्पिटलात भेटायला जाल तेव्हा आत जाताना आणि बाहेर येताना हात स्वच्छ करा. बाहेरून आल्यावर "आधी हातपाय धू" म्हणणारी आई आठवा, तेवढं पुरे. सर्दी-खोकला असेल तर फोनवरच विचारपूस करा. पलंगावर बसू नका. नळ्यांना, पिशव्यांना हात लावू नका. आणि रोज सकाळी डॉक्टरांना नम्रपणे विचारा, "ही नळी आज काढता येईल का?" त्यांना राग येईल असं वाटून आम्ही नऊ दिवस विचारलं नाही.

दाराजवळच्या टेबलावर लिफाफे ठेवले आहेत. लिफाफ्यावर 'नळ', 'ऑटोक्लेव्ह' आणि 'सिस्टर' असे तीन चौकोन आहेत. पहिले दोन भरतील याची आम्हाला खात्री आहे. तिसऱ्यावर खूण करणाऱ्यांची नावं कुठल्याच भिंतीवर लागणार नाहीत. बाबांच्या नावाने आम्ही आमची खूण तिथेच केली आहे.

जेवायला चला. आणि हो, हात धुवायची सोय डाव्या हाताला आहे!