मुलगी मुंबईला शिकायला जाते तेव्हा
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



आठ दिवसांपूर्वी चिटणीसबाई घरी आल्या आणि "वर्धापनदिनाला तुम्ही दहा मिनिटे बोला" म्हणाल्या, तेव्हा मी आधी नाहीच म्हटले. माझे शिक्षण सातवीपर्यंत. हळदीकुंकवाच्या पलीकडे चारचौघींत उभी राहून कधी बोलले नाही. पण त्या म्हणाल्या, "भाषण करू नका. मुलीला मुंबईला शिकायला पाठवताना तुम्हाला काय काय करावे लागले, तेवढे सांगा. पुढच्या वर्षी आपल्या आळीतल्या आणखी दोघी जायच्या आहेत." तेव्हा मी तयार झाले. यातल्या काही गोष्टी सांगताना मला लाज वाटणार आहे, पण त्याच तर सांगायच्या आहेत.

मुंबई आपल्या चिपळूणकरांना नवी नाही. कोकणातल्या ज्या घरातला माणूस मुंबईला नाही, असे घर शोधूनच काढावे लागेल. माझे माहेर गुहागर तालुक्यातले. माझे वडील लालबागला गिरणीत होते. गावच्या मंडळींचा एक गाळा होता, त्यात वीस-पंचवीस माणसे राहत. दिवसपाळीची माणसे कामावर गेली की रात्रपाळीची त्याच जागेवर अंग टाकत. प्रत्येकाची एक पेटी आणि एक वळकटी, एवढाच संसार. जेवण खाणावळीत, पैसे पगार झाल्यावर. १८ जानेवारी १९८२ रोजी संप सुरू झाला आणि पुढे वडील गावी आले ते कायमचेच. पण खाणावळवाल्या बाईंची आठवण ते मरेपर्यंत काढीत. म्हणत, "पोरी, पगार नव्हता तेव्हाही त्या माउलीने ताट मागे घेतले नाही."

या बायकांचे कष्ट पाहूनच प्रेमाताई पुरव यांनी १९७५ साली त्यांना एकत्र करून अन्नपूर्णा महिला मंडळ सुरू केले आणि त्यांना बँकेची कर्जे मिळवून दिली. हे मी आपल्याच मंडळात एका व्याख्यानात ऐकले होते. तेव्हा वाटले नव्हते, की याची आठवण मला माझ्या मुलीच्या बाबतीत होईल.

माझी शाळा सातवीला सुटली, कारण आमच्या गावात शाळाच तेवढी होती. पुढचे हायस्कूल नदीपलीकडे. पावसाळ्यात साकव वाहून जाई. मुलग्याला मामाकडे ठेवला, मुलीला कोण ठेवणार? त्याबद्दल माझा कोणावर राग नाही. पण मुलगी झाली तेव्हाच मी मनाशी ठरवले होते, की हिची शाळा नदीपाशी थांबणार नाही.

२०२४ साली तिला माटुंग्याच्या एका महाविद्यालयात तिच्या गुणांवर प्रवेश मिळाला. त्याच जुलै महिन्यात सरकारने निर्णय काढला, की ज्या मुलींच्या घरचे उत्पन्न वर्षाला ८ लाख रुपयांच्या आत आहे आणि ज्या आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक, सामाजिक व शैक्षणिक मागास वर्ग किंवा इतर मागास वर्गातल्या आहेत, त्यांना सरकारी प्रवेशफेरीतून व्यावसायिक शिक्षणाला प्रवेश मिळाल्यास शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ. आमच्या घरी पेढे वाटले गेले. सर्वांनी सांगितले, "आता काय, फुकटच शिकणार!" मलाही तसेच वाटले. भगिनींनो, येथेच मी पहिली चुकले. फी माफ झाली म्हणजे शिक्षण फुकट झाले, असे नसते. मुलीला राहावे लागते आणि जेवावे लागते.

पहिल्या वर्षी वसतिगृहात जागा मिळाली नाही. आम्ही दोघे तिला घेऊन रात्रीच्या तुतारी एक्सप्रेसने निघालो, पहाटे दादरला उतरलो आणि दोन दिवस जागा पाहत हिंडलो. एका बाईंकडे कॉट बेसिसवर सोय झाली. एक खोली, चार कॉट, चार मुली. एका कॉटचे महिन्याला ११,००० रुपये आणि अनामत दोन महिन्यांची, म्हणजे २२,०००. यांनी दाराबाहेर येऊन मला हळूच विचारले, "सगळ्या खोलीचे का एका कॉटचे?" एका कॉटचेच होते. वडिलांचा गाळा मला आठवला. तेथे जागा कमी, पण गाववाले सोबतीला होते. येथे भाडे एवढे, आणि शेजारच्या कॉटवरची मुलगी कोण, कुठली, हे आम्हाला ठाऊक नव्हते.

हिशेब सांगते, कारण तो कोणी उघड सांगत नाही. भाडे ११,०००. दोन वेळचे जेवण ४,५००. रेल्वेचा पास, झेरॉक्स, फोन, साबण-तेल मिळून १,५००. एकूण महिना १७,०००. यांना लोट्याच्या कारखान्यात २७,००० मिळतात. माझे कोकम, आगळ आणि मसाल्याचे पाच-सहा हजार सुटतात. त्यात घर, धाकट्याची शाळा आणि सासूबाईंचे औषध.

अनामत, पहिले भाडे, गादी-बादली आणि जुना लॅपटॉप यांसाठी मी माझ्या पाटल्या पतपेढीत तारण ठेवल्या. मुलीने विचारले तर सांगितले, "सैल झाल्या होत्या, सोनाराकडे टाकल्यात." आणि दर महिन्याच्या पैशांबद्दल ती आपण होऊनच म्हणाली, "आई, मला १५,००० पुरतात." मला बरे वाटले. पोर काटकसरी निघाली म्हणून मी पाचजणींत कौतुकही केले.

रोज रात्री नऊ वाजता मी फोन करी. "जेवलीस का?" "हो, जेवले." "बरी आहेस ना?" "हो." फोन संपला.

दिवाळीला ती आली. गालफडे बसलेली. मी म्हटले, अभ्यासाने झाले असेल. तिची पिशवी धुवायला काढली, तर आतल्या कप्प्यात खाणावळीचे कार्ड निघाले. त्यावर लिहिले होते, "एक वेळ." मी कमीच शिकलेली, पण एवढे दोन शब्द मला वाचता आले. एक वेळच्या जेवणाचे २,५०० होत होते. दोन हजार वाचत होते. तेच ते दोन हजार, जे मी पाठवीत नव्हते.

मी तिला ओरडले. का सांगितले नाहीस म्हणून खूप बोलले. ती गप्प होती. मग म्हणाली, "आई, सोनार एवढे दिवस लावतो का पाटल्यांना?"

त्या दिवशी करंज्या तळायच्या होत्या, त्या राहिल्या. मायलेकी दोघी स्वयंपाकघरात बसून रडलो. एकमेकींना त्रास नको म्हणून दोघी खोटे बोललो होतो आणि त्यापायी पोर तीन महिने रात्रीची चहा-बिस्किटांवर झोपत होती. तिच्या आजोबांना संपात उपाशी झोपावे लागले नाही, आणि माझी मुलगी कमावते आईबाप असताना झोपली. हे मला अजून सलते.

रात्री आम्ही तिघांनी वही घेऊन हिशेब मांडला. काहीही लपवायचे नाही, असे ठरले. पाटल्यांचे व्याजही मांडले. दोन वेळचे जेवण ही काटकसरीची बाब नव्हे, हे वहीत पहिल्या ओळीवर लिहिले. दिवाळीनंतर तिने शनिवार-रविवारी सातवीतल्या दोन मुलांची शिकवणी धरली. त्यात कमीपणा नाही. महर्षी कर्वे आपल्याच मुलखातले, मुरुडचे. परीक्षेसाठी पायी साताऱ्याला गेले आणि वयाने लहान दिसतात म्हणून परत पाठवले गेले. पुढे मुंबईत शिकवण्या करूनच ते शिकले, आणि १९१६ साली त्यांनीच स्त्रियांचे विद्यापीठ काढले. दुसऱ्या वर्षी, २०२५ साली, तिला वसतिगृहात जागा मिळाली आणि आमचा खर्च पुष्कळ उतरला.

आता ज्यांच्या मुली जायच्या आहेत त्यांना माझे चार शब्द. फीचा आकडा पाहून हुरळू नका आणि घाबरूही नका. राहण्या-जेवण्याचा वर्षाचा हिशेब आधी मांडा. खोली डोळ्यांनी पाहिल्याशिवाय पैसे देऊ नका, अनामतीची पावती घ्या आणि ती कधी परत मिळणार हे लिहून घ्या. उत्पन्नाचा, जातीचा, अधिवासाचा दाखला जूनपूर्वी तयार ठेवा. सवलतींची चौकशी करा. अनुसूचित जातीच्या व नवबौद्ध मुलांना सरकारी वसतिगृहात जागा न मिळाल्यास स्वाधार योजना आहे. मुंबईसाठी तिच्यात वर्षाला ६०,००० रुपये ठरवले आहेत. इतर मागास वर्गासाठी सावित्रीबाई फुले यांच्या नावाची आधार योजना आहे, आणि डॉ. पंजाबराव देशमुख यांच्या नावाने वसतिगृह निर्वाह भत्ता आहे. आपण कशात बसतो, हे महाविद्यालयाच्या कचेरीत विचारायला लाजू नका. आणि फोनवर "जेवलीस का?" असे विचारू नका. त्याला "हो" म्हणणे सोपे असते. "आज काय जेवलीस?" असे विचारा.

शेवटी एक मागणे. अनामतीसाठी मी पतपेढीत गेले, तुमच्याकडे आले नाही. का? लाज वाटली. मुलीला मुंबईला पाठवते आणि हात पसरते, असे कोणी म्हणेल, ही भीती. ही लाज पुढच्या आईला वाटू नये. आपण साठजणी आहोत. प्रत्येकीने महिना ५० रुपये बाजूला टाकले, तर महिन्याचे ३,००० आणि वर्षाचे ३६,००० होतात. एका मुलीची अनामत त्यात सहज भागते. ही रक्कम खर्च होत नाही. जागा सोडली की परत येते आणि पुढच्या मुलीला देता येते. व्याज नको, गाजावाजा नको. चिटणीसबाई आणि खजिनदारबाई यांनाच नाव कळावे. खाणावळवाल्या बाईंनी परक्या माणसांसाठी ताट मांडून ठेवले. आपण आपल्याच मुलींसाठी एवढे करू शकू. यावर कार्यकारिणीने विचार करावा, अशी माझी विनंती आहे.

माझ्या पाटल्या अजून पतपेढीतच आहेत. मुलीला ठाऊक आहे, आणि आज तुम्हा सर्वांनाही ठाऊक झाले. मला हलके वाटते आहे. बोलताना काही चुकले असेल तर सांभाळून घ्या. एवढे बोलून मी माझे दोन शब्द पुरे करते.