सीमाभागातील विद्यार्थी आणि महाविद्यालयीन ग्रंथालय

(भाषणाचा मजकूर)

बेळगाव–खानापूर मार्गावरील पिरनवाडीसारख्या गावातून मराठी माध्यमातून शालेय शिक्षण पूर्ण करून बेळगावच्या महाविद्यालयात येणाऱ्या विद्यार्थ्यापुढे अर्थशास्त्र वा पदार्थविज्ञान प्रथमच इंग्रजीतून उभे राहते. विषय नवा आणि भाषाही नवी, अशी ही दुहेरी अडचण होय. वर्गातील तासाभरात तिचे निवारण होत नाही. ते ग्रंथालयातच होऊ शकते.

त्याची साधने मराठीत उपलब्ध आहेत. १९७६ पासून खंडशः प्रसिद्ध झालेला मराठी विश्वकोश आणि महाराष्ट्र शासनाच्या भाषा संचालनालयाचे परिभाषा कोश ही त्यांतील प्रमुख. ‘मागणीची लवचिकता’ ही संकल्पना एकदा मराठीत उमगली की विद्यार्थी इंग्रजी ग्रंथाकडे निर्भयपणे वळतो. परंतु पुष्कळ ठिकाणी कोश कुलूपबंद कपाटात आणि क्रमिक पुस्तके दुसऱ्याच दालनात असतात! डॉ. रंगनाथन यांनी १९३१ साली मांडलेल्या पाच सूत्रांपैकी चौथे वाचकाचा वेळ वाचविण्यास सांगते. सायंकाळची बस गाठावयाची असलेल्या विद्यार्थ्यापुरता त्याचा अर्थ एवढाच की दोन्ही ग्रंथ त्याला एकाच मेजावर मिळावेत.

प्राध्यापकांची गरज निराळी. २०१० पासून एन-लिस्ट योजनेने सदस्य महाविद्यालयांना हजारो नियतकालिके संगणकावर खुली केली. तथापि पाठ्यग्रंथांची सूची प्राध्यापकांनी सत्रारंभीच ग्रंथपालांकडे द्यावयास हवी. परीक्षा पंधरवड्यावर आल्यावर दिलेल्या सूचीचा लाभ पुढील वर्षीच्या वर्गालाच होतो.