पिन बसली म्हणजे अडॅप्टर चालेलच असं नाही



हळदीचा मांडव असो की गणपतीची मिरवणूक, आपल्या चिंचणी-डहाणूच्या किनारपट्टीवर बेंजोशिवाय रंगत येत नाही. हल्ली पोरं बेंजोला आणि गिटारला एक छोटी डबी जोडतात. पायाने बटण दाबलं की आवाज घुमतो, नाहीतर खरखरीत होतो. हे इफेक्ट पेडल. एकेका पेडलला काही हजार रुपये पडतात, आणि ते बऱ्याचदा आईच्या बचतीतून किंवा गटाच्या कर्जातून येतात. चुकीचा अडॅप्टर लावला तर तेच पेडल क्षणात जळू शकतं.

शेजारच्या तारापूरला १९६९ पासून अणुवीज तयार होते. घरातल्या सॉकेटमध्ये वीज येते ती २३० व्होल्टची. बहुतेक पेडलांना मात्र ९ व्होल्टच लागतात, तेही डीसी, म्हणजे बॅटरीसारखी एकाच दिशेने वाहणारी वीज. अडॅप्टर हा बदल करून देतो. म्हणून अडॅप्टरवरची ‘आउटपुट’ची ओळ वाचा आणि तीन गोष्टी पेडलशी ताडून पाहा.

पहिली, व्होल्ट. पेडलवर ९ लिहिलं असेल तर अडॅप्टरही ९ चाच हवा. वायफायच्या डबीचा अडॅप्टर बहुधा १२ चा असतो. पिन तीच बसते, पण पेडल बिघडू शकतं.

दुसरी, पिनची बाजू. लेबलवर मध्ये ठिपका आणि भोवती अर्धगोल असं चित्र असतं. बहुतेक पेडलांमध्ये मधल्या ठिपक्याला वजा, म्हणजे उणे चिन्ह जोडलेलं असतं. वायफायच्या अडॅप्टरमध्ये बहुधा उलटं, मध्ये अधिक असतं. दोन्ही चित्रं सारखी असतील तरच पिन लावा.

तिसरी, मिलिअँपिअर. साधं पेडल १०-२० मिलिअँपिअर घेतं, डिजिटल पेडल १०० किंवा त्याहूनही जास्त. एकाच अडॅप्टरवर तीन पेडलं चालवायची असतील तर बेरीज करा. २०, ६० आणि १०० मिळून १८० झाले, तर ३०० चा अडॅप्टर घ्या. हा आकडा मोठा असला तर बिघडत नाही, कारण पेडल हवी तेवढीच वीज ओढतं. कमी पडला तर आवाज तुटतो आणि अडॅप्टर तापतो.

काही पेडलं ९ व्होल्टच्या चौकोनी बॅटरीवरही चालतात. त्यांत गिटारची वायर खोचलेली राहिली की बॅटरी उतरत राहते. वाजवून झालं की वायर काढायला सांगा. पेडल बरेच दिवस वापरणार नसाल तर बॅटरीही काढून ठेवा, नाहीतर ती पाझरून आतला भाग खराब करते.

वीजबिलाची मात्र काळजी नको. १८० मिलिअँपिअर म्हणजे दोन वॅटसुद्धा नाहीत. रोज दोन तास सराव केला तरी महिन्याला एक युनिटही जळत नाही.

घरातले सगळे अडॅप्टर एका पिशवीत गुंतून पडलेले असतात ना? आज ते सोडवा. प्रत्येकावर चिकटपट्टी लावून तो कशाचा आहे ते लिहा. मुलांच्या कीबोर्डला आणि वायफायलाही हाच नियम. आधी लेबल वाचायचं, मग पिन लावायची.