सुट्टे पैसे बघून घ्या

(रौप्यमहोत्सवी वर्षाच्या व्याख्यानमालेत सोसायटीच्या सभागृहात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



सेक्रेटरींनी मला "बँकेतले अनुभव" असा विषय दिला होता. सगळे अनुभव सांगत बसलो तर तुमची जेवणं थंड होतील. म्हणून त्यातला एकच तुकडा घेतो, सुट्ट्या पैशांचा. मी बी.कॉम. होऊन १९७२ साली बँकेत लागलो. धुळे, जळगाव, मध्ये काही वर्षं भुसावळ, अशी सगळी नोकरी खान्देशातच झाली. सुरुवातीची बरीच वर्षं कॅश काउंटरवर गेली. लोक म्हणतात कॅशियरला नोटा मोजायची सवय लागते. मला नाणी बघायची लागली.

आधी एक गोष्ट स्पष्ट सांगतो, कारण तिच्यासाठीच मी आज उभा राहिलो आहे. सुट्ट्या पैशांत बघण्यासारखं पुष्कळ असतं, विकण्यासारखं फार थोडं. हा फरक कळला नाही की माणूस फसतो. आपल्याच सोसायटीत तसं झालं आहे, ते पुढे सांगतो.

अमेरिकेत लोक बँकेतून नाण्यांच्या कागदी गुंडाळ्या विकत घेतात, घरी नेऊन सोडतात, हवी ती नाणी काढून घेतात आणि बाकीची परत भरतात. तिकडे १९६५ च्या आधीच्या रोजच्या व्यवहारातल्या काही नाण्यांत चांदी होती, ती शोधायची ही धडपड. आपल्याकडे गुंडाळ्या नाहीत, पिशव्या आहेत. टांकसाळीतून रिझर्व्ह बँकेमार्फत येणारी सीलबंद पिशवी आली की सगळी नाणी एकसारखी, कोरी, चकचकीत. त्यात शोधायला काही नसतं. खरी मजा असते ती गिऱ्हाइकाकडून परत आलेल्या पिशवीत. देवस्थानाची दानपेटी, एसटी कंडक्टरची बॅग, दूधवाला, पानटपरी, यात्रेतला पाळणेवाला, यांच्या पिशवीत वीस-तीस वर्षांची नाणी एकत्र नांदत असतात. धुळ्याला एकवीरा देवीच्या यात्रेनंतर जी नाणी काउंटरवर यायची, ती मोजायला दोन माणसं लागायची. बाकीचे कंटाळायचे, मी मात्र ते काम मागून घ्यायचो. एखादं नाणं हवं असेल तर हेड कॅशियरला दाखवून, आपल्या खिशातला तेवढ्याच किमतीचा पैसा टाकून ते घ्यायचं, अशी आमच्याकडे शिस्त होती. संध्याकाळी कॅश पैशापैशाला जुळलीच पाहिजे.

आपला खान्देश या छंदाला फार सोयीचा आहे. धुळ्यावरून मुंबई-आग्रा रस्ता जातो. भुसावळला रेल्वेची लाईन फुटते, एक नागपूरकडून कलकत्त्याला आणि दुसरी खंडव्याकडून उत्तरेला. साहजिकच चारही दिशांचा पैसा आपल्याकडे येऊन मिसळतो. त्याचा पुरावा प्रत्येक नाण्यावर असतो. मुलांनो, घरी गेल्यावर एक रुपया घ्या आणि सालाच्या खाली बारकाईने बघा. हिऱ्यासारखी चौकोनी खूण असेल तर नाणं मुंबईच्या टांकसाळीचं. चांदणी असेल तर हैदराबादचं. गोल ठिपका असेल तर नोएडाचं. काहीच नसेल तर कलकत्त्याचं, कारण त्या टांकसाळीची खूणच नाही. जुन्या नाण्यांत याला थोडे अपवाद सापडतात, पण सुरुवातीला एवढं पुरे. भुसावळच्या पिशवीत मला कलकत्त्याची बिनखुणेची नाणी भरपूर मिळायची.

१९८५ च्या आसपास देशात सुट्ट्यांची इतकी टंचाई झाली की सरकारने परदेशातूनही नाणी पाडून आणली. त्या सालच्या काही रुपयांवर सालाखाली इंग्रजी 'एच' अक्षर आहे. ते इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅमच्या हीटन टांकसाळीचं. हा एचचा रुपया लक्षात ठेवा, त्याच्याकडे परत यायचं आहे.

दुसरं बघायचं ते चित्र. स्वतंत्र भारताने स्मारक नाणी काढायला सुरुवात केली १९६४ साली, पंडित नेहरूंपासून. पन्नास पैसे आणि एक रुपया. मग १९६९ ला गांधी जन्मशताब्दी, १९८२ ला दिल्लीचं आशियाड, १९८५ ला इंदिराजींचं जाडजूड पाच रुपयांचं. १९९० ला बाबासाहेबांचा रुपया आला, तेव्हा आमच्या काउंटरवर लोक तोच मागायचे आणि खिशात न टाकता रुमालात बांधून न्यायचे. पुढे आपल्या महाराष्ट्राची माणसं एकेक करून आली. १९९९ साली ज्ञानेश्वर माउलींचा रुपया आणि शिवछत्रपतींचं दोन रुपयांचं, त्यानंतर तुकोबांचं दोन रुपयांचं, लोकमान्यांचं पाच रुपयांचं. ही सगळी तुमच्या-माझ्या हातून भाजीवाल्याकडे गेली आहेत. २०२२ मध्ये अमृतमहोत्सवाची एक, दोन, पाच, दहा आणि वीसची नाणी निघाली. ती आजही सुट्ट्यांत येतात. पाच किमतींचा पूर्ण संच जमवायला खर्च किती? अडतीस रुपये. बालमित्रांनी इथूनच सुरुवात करावी.

तिसरी गोष्ट धातू. त्यासाठी फ्रिजवरचं लोहचुंबक पुरतं. १९९२ पासूनचा स्टीलचा रुपया त्याला चिकटतो, त्याआधीचा तांबं-निकेलचा चिकटत नाही. अकरा कोपऱ्यांचं जुनं दोन रुपयांचं नाणं आणि नऊ ग्रॅमचं जुनं जाड पाच रुपयांचं, हीही चिकटत नाहीत. ते जाड पाच रुपये बाजारातून का कमी झाले? २००७ च्या सुमारास बातम्या होत्या, ती सीमेपलीकडे बांगलादेशात जातात आणि वितळवून त्यांची दाढीची पाती करतात. नाण्याच्या किमतीपेक्षा धातू महाग झाला की असं होतं. म्हणूनच २०११ च्या नाणे कायद्यात नाणी वितळवणाऱ्याला सात वर्षांपर्यंत कैदेची तरतूद आहे.

आता दुर्मीळ म्हणजे काय, ते एका गोष्टीवरून सांगतो. १९११ साली पंचम जॉर्जचा नवा रुपया निघाला. राजाच्या अंगरख्यावर पदकाच्या साखळीत एक छोटा हत्ती होता. तो इतका बारीक आणि आखूड सोंडेचा उतरला की लोकांना तो डुक्कर वाटला. हिंदू नाराज, मुसलमान नाराज. सुमारे ९४ लाख रुपये पाडून झाले होते, पण बाहेर गेले ते जेमतेम ७ लाख. बाकीचे सरकारने वितळवले आणि १९१२ साली हत्ती सुधारून घेतला. म्हणून तो १९११ चा रुपया संग्राहक शोधतात. याउलट राणीछाप रुपयावर १८६२ साल दिसलं की लोकांना वाटतं, केवढं जुनं! पण तेच साल घालून १८७४ पर्यंत रुपये पाडत होते. तात्पर्य, जुनं म्हणजे दुर्मीळ असं नाही. किती पाडली, किती उरली आणि उरलेलं कुठल्या स्थितीत आहे, यावर किंमत ठरते.

आता फसवणुकीचं. आपल्या सोसायटीतल्या एका भगिनीने मला हे सांगायची परवानगी दिली आहे, नाव सांगणार नाही. मोबाईलवर एक व्हिडिओ आला. वैष्णोदेवीचं नाणं असेल तर दहा लाख, १९८५ चा एचचा रुपया असेल तर अडीच लाख. त्यांच्याकडे दोन्ही होती. दिलेल्या नंबरवर फोन केला. समोरचा गोड बोलणारा, रिझर्व्ह बँकेचं बोधचिन्ह असलेलं पत्रही पाठवलं. आधी रजिस्ट्रेशनचे अकराशे, मग जीएसटीचे आठ हजार, मग कुरिअरचा विमा, मग "पैसे निघालेत, फक्त एनओसी बाकी आहे". बेचाळीस हजार गेले. नातवाच्या फीसाठी ठेवलेले होते. नाणी अजून त्यांच्या डबीतच आहेत.

मी ती नाणी पाहिली. दोन्ही अस्सल आहेत. पण वैष्णोदेवीचं नाणं देशभर वाटलेलं आहे आणि एचचा रुपया लाखांच्या संख्येने आलेला आहे. मी प्रदर्शनांतून हिंडलो आहे, वापरलेलं असं नाणं विकणाऱ्याला किरकोळच पैसे देतं. रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये जाहीर निवेदन काढून सांगितलं आहे की बँक जुन्या नोटा-नाण्यांच्या खरेदी-विक्रीत नाही, त्यासाठी कमिशन किंवा कर मागत नाही, आणि तसा अधिकारही कोणाला दिलेला नाही. एक साधा नियम पाठ करा. विकणाऱ्याला पैसे मिळतात, भरावे लागत नाहीत. विकणाऱ्याकडेच जो पैसे मागतो, तो गिऱ्हाईक नाही. आणि कोणी फसलंच, तर लाजेने गप्प बसू नका, ताबडतोब १९३० या नंबरवर फोन करा. आपल्या त्या भगिनी तीन आठवडे घरात कोणाशी बोलल्या नाहीत. पैशांपेक्षा मला त्याचं वाईट वाटलं.

दुसरं एक नुकसान आपण रोज करतो आणि ते कळतही नाही. आमच्याकडे धुण्याभांड्याला येणाऱ्या ताईंनी मध्यंतरी दहा रुपयांची सात नाणी माझ्यापुढे ठेवली आणि विचारलं, "नाना, ह्या पैसा चालतस का?" बाजारात त्यांना कोणी भाजी देईना. दहा रेघांचं खरं, पंधरा रेघांचं खोटं, अशी अफवा होती. रिझर्व्ह बँकेने जानेवारी २०१८ मध्येच सांगितलं आहे की तोवर दहाच्या नाण्याचे चौदा प्रकार निघाले आणि चौदाही चालतात. होमी भाभा, संसदेची साठ वर्षं, बाबासाहेबांची सव्वाशेवी जयंती, योग दिन, हे सगळे त्यातच आले. पन्नास पैसेही अजून कायदेशीर आहेत. बंद झाले ते पंचवीस पैसे आणि त्याखालचे, ३० जून २०११ पासून. ज्याला नाण्यांवरची चित्रं ओळखता येतात, तो अशी अफवा पसरवत नाही आणि गरिबाची मजुरी नाकारत नाही. या छंदाचा मला दिसलेला सगळ्यात मोठा उपयोग हाच. ताईंची सातही नाणी मी बदलून दिली. त्यांतली तीन माझ्याकडे नव्हती, तेव्हा फायदा माझाच झाला.

शेवटचं सांगणं माता-भगिनींना. आपलं जळगाव सोन्याचं गाव. घरोघरी आजीच्या पेटीत दोन-चार राणीछाप, राजाछाप रुपये असतात. असा एक रुपया म्हणजे बरोबर एक तोळा, जुन्या रुपयात चांदी ब्याण्णव टक्क्यांच्या जवळपास, १९४० नंतर ती निम्मीच राहिली. नोकरीत असताना खेड्यावरून म्हातारी माणसं असे रुपये घेऊन यायची, "साहेब, खात्यात भरा." ते चलन केव्हाच बंद झालेलं, आम्हाला घेता येत नव्हते. मग ते सराफाकडे वजनावर जायचे आणि मुशीत पडायचे. मोडायचं असेल तर जरूर मोडा, अडचणीला उपयोगी पडावेत म्हणूनच आजीने ते ठेवले होते. पण मोडण्याआधी साल बघून घ्या, एखाद्या जाणकाराला दाखवा. आणि कृपा करून चिंच, राख, भांड्याची पावडर लावून घासू नका. नाणं चकाकतं, पण त्याची संग्राहकाची किंमत धुऊन जाते. ज्यांना जास्त बघायचं आहे त्यांनी नाशिकजवळ अंजनेरीचं नाण्यांचं संग्रहालय आणि मुंबईला फोर्टातलं रिझर्व्ह बँकेचं संग्रहालय मुलांना घेऊन जरूर पाहावं.

माझ्याकडे चाळीस वर्षांत जमलेली सुमारे अकराशे नाणी आहेत. बहुतेक सगळी सुट्ट्या पैशांतूनच. विकायला काढली तर एका महिन्याची पेन्शनसुद्धा निघणार नाही. माझी मुलं पुण्याला आणि बंगलोरला, त्यांना वेळ नाही, त्यांची तक्रारही नाही. म्हणून कमिटीला मी विनंती केली आणि ती त्यांनी मान्य केली. येत्या रविवारपासून सकाळी दहा ते अकरा याच सभागृहात मी नाणी घेऊन बसेन. प्रत्येक मुलाने घरातली सुट्ट्यांची डबी आणायची, एक लोहचुंबक, एक भिंग आणि एक वही. साल, खूण, चित्र, धातू एवढं लिहायचं. दुहेरी नाणी आपसांत बदलायची. पैशांचा व्यवहार नाही. जो मुलगा किंवा मुलगी वर्षभर वही नीट ठेवेल, त्यांच्या स्वाधीन मी हा संग्रह करणार आहे, आणि तो सोसायटीच्या वाचनालयाच्या कपाटात राहील. किल्ली मात्र मुलांकडे.

पै, दमडी, आणा, चवली, पावली सगळं गेलं, पण आपण अजून "सोळा आणे खरं" म्हणतो. या मुलांनाही त्यामागचा रुपया एकदा हातात घेऊन बघू द्या.