मोत्याचा पाय

मी तुमच्यासारखीच बचत गटातली बाई. गावात पशुसखी म्हणून काम करते. शेळ्यांना जंतनाशक पाजायचं, लसीकरणाला डॉक्टरांसोबत घरोघर फिरायचं, हे माझं काम. आज मात्र मी आमच्या मोत्याचं, म्हणजे आमच्या कुत्र्याचं सांगणार आहे. त्यात माझी एक चूक आहे. ती लपवली तर या बोलण्याचा तुम्हाला काही उपयोग नाही.

आमचं गाव ज्ञानगंगा अभयारण्याच्या कडेला आहे. हरभरा उभा असला की रात्री रोही येतात, रानडुकरं येतात. माणूस जागलीला जातो, त्याच्यासोबत कुत्रा जातो. मोत्या अंगानं मोठा, ३५ किलोचा. तो शेतात असला की आमच्या घरी निवांत झोप लागायची.

मागच्या हिवाळ्यात ट्रॅक्टरची ट्रॉली मागं घेताना चाक त्याच्या पुढच्या उजव्या पायावरून गेलं. पाय लोंबत होता, मोत्या विव्हळत होता. मी काय केलं? हळद-तेलाचा लेप लावला, बांबूच्या कामट्या ठेवल्या आणि जुन्या साडीच्या पट्टीनं पाय करकचून बांधला. मनात म्हटलं, हाड हललं नाही म्हणजे जुळून येईल. पाचव्या दिवशी पट्टीतून घाण वास यायला लागला. मोत्यानं खाणं सोडलं.

तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात डॉक्टरांनी पट्टी सोडली. बोटं काळी पडली होती, थंडगार होती. डॉक्टरांनी बोट चिमट्यानं दाबलं, मोत्याला कळलंच नाही. डॉक्टर म्हणाले, "ताई, हाड मोडलं होतं ते कदाचित बसवता आलं असतं. पण पट्टी इतकी घट्ट होती की खाली रक्तच गेलं नाही. पाय सडलाय. आता हा पाय काढावा लागेल. अकोल्याला पशुवैद्यकीय महाविद्यालयाच्या दवाखान्यात न्या, उशीर करू नका."

मी दवाखान्याच्या पायरीवरच बसले. लोकांच्या शेळ्या सांभाळणारी मी, आणि घरचं जनावर माझ्याच हातानं अधू झालं.

घरी आल्यावर बोलणी सुरू झाली. मालक म्हणाले, "एवढं मोठं धूड तीन पायांवर कसं उभं राहील? लहानसं कुत्रं असतं तर गोष्ट वेगळी." दीर म्हणाले, "जंगलात सोडून द्या, जे व्हायचं ते होईल." सासूबाई तेवढ्या म्हणाल्या, "इतकी वर्षं त्यानं आपलं शेत राखलं. आता त्याले कुठं सोडता?" पैशाचाही प्रश्न होता. मी गटातून ५ हजारांचं अंतर्गत कर्ज मागितलं. एकदोघी हसल्या, "कुत्र्यासाठी कर्ज?" पण अध्यक्षताईंनी ते मंजूर केलं. त्यातले बरेचसे गाडीभाड्यातच गेले.

अकोल्याला डॉक्टरांना मी पहिला प्रश्न मालकांचाच विचारला, एवढा मोठा कुत्रा तीन पायांवर चालेल का? त्यांनी उलट विचारलं, "आज तो किती पायांवर चालतोय?" मी म्हटलं, "तीनवर. तो पाय टेकवतच नाही." ते म्हणाले, "मग तीन पायांवर चालायला तो शिकलाच आहे. चौथा पाय आता नुसता दुखतोय, आणि त्यातलं विष अंगात भिनतंय."

पण त्यांनी लगेच होकार दिला नाही. आधी बाकीचे तीन पाय तपासले, कमरेचे सांधे हलवून पाहिले, वजन केलं, रक्त तपासलं. का, तेही समजावलं. कुत्र्याच्या अंगाचं साधारण ६० टक्के वजन पुढच्या दोन पायांवर असतं आणि ४० टक्के मागच्या. त्यामुळे पुढचा पाय गेला तर मोठ्या कुत्र्याला जास्त जड जातं. मोठ्या जातीच्या कुत्र्यांत कमरेचे सांधे पुष्कळदा मुळातच सैल असतात. बाकीचे पाय दुखरे असतील किंवा कुत्रा फार लठ्ठ असेल, तर पाय काढून त्याचे हाल वाढूही शकतात. मोत्याचे तिन्ही पाय चांगले होते, अंगावर चरबी नव्हती. म्हणून ठरलं.

मी विचारलं, "खालचाच भाग कापा ना, थोडा तरी राहू द्या." ते म्हणाले, खुंट ठेवला तर कुत्रा त्यावर टेकायला बघतो, तिथं सारख्या जखमा होतात. म्हणून पुढचा पाय बहुतेक वेळा खांद्यापासूनच काढतात.

दुसऱ्या दिवशी छातीखालून टॉवेल धरला तर मोत्या उभा राहिला. दोनदा पडला, तिसऱ्यांदा चार पावलं चालला. घरी आणल्यावर शेणानं सारवलेल्या जमिनीवर त्याला पकड मिळाली. फरशीच्या खोलीत आम्ही गोणपाट अंथरलं. १२ दिवसांनी टाके निघाले. महिन्याभरात तो अंगणात धावायला लागला. जागलीला आता जात नाही, ओट्यावर बसून घर राखतो. त्याची भाकर मी बेतानं देते, कारण वजन वाढलं तर उरलेल्या तीन पायांवरच येणार.

मैत्रिणींनो, आपल्या विदर्भातली एक गोष्ट तुम्हाला आठवत असेल. चंद्रपूर जिल्ह्यात २०१२ साली साहेबराव नावाच्या वाघाचा पुढचा पाय शिकाऱ्यांच्या सापळ्यात अडकला. पंजाची बोटं गेली. पुढं नागपूरच्या गोरेवाडा बचाव केंद्रात त्याच्या पायाचं दुखणं कमी व्हावं म्हणून शस्त्रक्रिया झाली, आणि जानेवारी २०२० मध्ये नागपूरचे अस्थिरोगतज्ज्ञ डॉ. सुश्रुत बाभूळकर आणि पशुवैद्यकांनी मिळून त्याला कृत्रिम पंजा बसवून पाहिला. वाघ शुद्धीवर आला आणि त्यानं तो काढून टाकला. जनावराला चार पाय दिसले पाहिजेत असं काही नसतं. "लोक काय म्हणतील, लंगडं कुत्रं पाळलं" हे आपल्याला वाटतं. त्याला फक्त दुखणं थांबायला हवं असतं.

म्हणून अशी वेळ आली तर डॉक्टरांना चार गोष्टी विचारा. हा पाय खरंच वाचणार नाही का? बाकीचे तीन पाय भार घेतील का? भूल सोसेल का? आणि पाय काढल्यावर दुखणं पूर्ण जाईल का? शेवटचा प्रश्न महत्त्वाचा, कारण मोठ्या कुत्र्यांना पायाच्या हाडाचा कॅन्सरही होतो. अपघात झालेला नसताना कुत्रा लंगडतो आणि मनगटाच्या वर किंवा खांद्याजवळ कडक सूज दिसते, तेव्हा मालिश करत बसू नका, एक्स-रे काढा. त्या आजारात पाय काढल्यानं वेदना थांबते, पण आजार बहुधा फुप्फुसात पसरतो आणि पुढचं आयुष्य महिन्यांत मोजावं लागतं. म्हणून छातीचाही एक्स-रे आधी काढतात. कुत्रा फार थकलेला असेल, आजार पसरला असेल, तर डॉक्टरांकडून दुखणं कमी करणारं औषध घेणं किंवा इंजेक्शननं शांतपणे निरोप देणं, हाही निर्णय असतो. त्यात पाप नाही. रस्त्यावर सोडून येणं मात्र निर्णय नव्हे.

आणि माझी चूक तुम्ही करू नका. पाय मोडला तर स्वतः कामट्या बांधू नका, लेप लावू नका, चोळू नका. आधी कुत्र्याचं तोंड मऊ कापडानं बांधा. श्वास नीट चालतोय ना ते बघा, कारण दुखणारा कुत्रा मालकालाही चावतो. चावलाच तर जखम साबण आणि वाहत्या पाण्यानं १५ मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रात रेबीजची लस घ्या. कुत्र्याला चादरीच्या झोळीत किंवा फळीवर घालून दवाखान्यात न्या. नेता येत नसेल तर १९६२ या नंबरवर फोन लावा, तो फिरत्या पशुवैद्यकीय पथकाचा आहे. आपल्या दुखण्याच्या गोळ्या त्याला देऊ नका, त्या कुत्र्याला विषासारख्या लागू शकतात. डॉक्टरांनी पट्टी बांधली असेल तरी रोज बोटं बघा. सुजली, थंड पडली किंवा वास आला, तर त्याच दिवशी परत जा.

मी पाच दिवस थांबले. त्या पाच दिवसांत मोत्याचा पाय गेला. गटाचं कर्ज चार हप्त्यांत फिटलं. हसलेल्या दोघींपैकी एकीचा कुत्रा परवा लंगडत होता. ती त्याच दिवशी त्याला घेऊन दवाखान्यात गेली.