साडेआठ रुपयांची चादर: टेस्टमधलं नेट कापायचं कसं आणि कुठवर

(पॉडकास्टच्या या भागाचं शब्दांकन. बोलताना आलेले ‘म्हणजे’, ‘बघा’, ‘बरं का’ थोडे कमी केलेत, बाकी जसं बोललो तसंच ठेवलंय.)

कानात इअरफोन घालून एसटीत बसला असाल, हॉस्टेलच्या गच्चीवर असाल किंवा ऑफिसात काम करतोय असं दाखवत ऐकत असाल, सगळ्यांचं स्वागत. आजचा विषय सॉफ्टवेअर टेस्टिंगचा आहे. पण लगेच पुढे ढकलू नका. सुरुवात एका फोनपासून करतो.

सकाळचे साडेनऊ. फोन आला चादरीच्या दुकानाच्या मालकांचा. आम्ही दोघा-तिघांनी मिळून त्यांची ऑनलाइन विक्रीची वेबसाइट केली होती. सोलापुरी चादर, टॉवेल, नॅपकिन असं सगळं. आदल्या दिवशीच साइट सुरू झालेली. मला वाटलं, काका अभिनंदन करायला फोन करतायत. काका म्हणाले, “बाळा, आपण चादर साडेआठ रुपयाला कधीपासून विकायला लागलो?”

चादरीची किंमत होती ८५० रुपये. खात्यात जमा झाले होते ८ रुपये ५० पैसे. तेही एकदा नाही, सात वेळा. सात जणांनी ऑर्डर दिली, साडेआठ रुपये भरले आणि आमच्या सिस्टिमने सातही जणांना “पेमेंट यशस्वी, धन्यवाद” असा मेसेज पाठवला. काकांनी सातही चादरी पाठवून दिल्या. म्हणाले, “गिऱ्हाइकाची काय चूक?” हिशोब करा, ५,८९० रुपये ५० पैशांचं नुकसान. काका आम्हाला एक शब्द बोलले नाहीत, त्यामुळे जास्तच लागलं.

आता खरी गंमत ऐका. आमच्याकडे टेस्ट होत्या. पेमेंटच्या टेस्टसुद्धा होत्या. आदल्या रात्री सगळ्या हिरव्या. मग हे सुटलं कसं? त्याचं उत्तर म्हणजे आजचा विषय: स्टब.

आधी स्टब म्हणजे काय ते बघू. तुमची साइट एकटी काही करत नाही. गिऱ्हाइकाने पिनकोड टाकला, ४१३००१, की कुरिअरच्या सर्व्हरला विचारायचं, किती दिवस लागतील. पैसे भरायचे म्हटलं की पेमेंट गेटवेला विचारायचं. ओटीपी पाठवायचा तर एसएमएसवाल्याला सांगायचं. प्रत्येक वेळी आपला कोड बाहेरच्या कुणाला तरी रिक्वेस्ट पाठवतो आणि उत्तराची वाट बघतो.

टेस्ट चालवताना हे सगळं खरोखर करायचं का? आम्ही सुरुवातीला करत होतो. काय व्हायचं? कुरिअरच्या सर्व्हरची देखभाल चालू असली की आमच्या टेस्ट लाल. रूमवरचं नेट गेलं, टेस्ट लाल. कोडला हातही लावलेला नाही आणि टेस्ट लाल! चार दिवस असं झालं की माणूस काय म्हणतो? “सोड बे, नेटचा प्रॉब्लेम असंल.” आणि पाचव्या दिवशी खरोखर चूक असते, तरी आपण तेच म्हणतो. लाल रंगावरचा विश्वास उडाला की टेस्ट असून नसल्यासारख्या.

वर आणखी एक. टेस्टसाठी कुणीतरी मनानेच एक मोबाइल नंबर टाकला होता. तो निघाला एका आजोबांचा. प्रत्येक टेस्टला त्यांना एक ओटीपी. शेवटी त्यांनी कुठून तरी आमचा नंबर शोधून फोन केला, “पोरांनो, काय पाहिजे तुम्हाला?”

म्हणून स्टब. टेस्ट चालू असताना आपल्या कोडने बाहेर पाठवलेली रिक्वेस्ट वाटेतच अडवायची आणि आधीच ठरवून ठेवलेलं उत्तर परत द्यायचं. आपल्या कोडला वाटतं, गेटवेनेच उत्तर दिलं. प्रत्यक्षात काहीच बाहेर गेलेलं नसतं. पैसे कटत नाहीत, एसएमएस जात नाही, नेट लागत नाही.

सिनेमात हीरोच्या जागी उडी मारायला दुसरा माणूस असतो ना, स्टंट डबल? त्यावरूनच जेरार्ड मेझारोस यांनी ‘टेस्ट डबल’ हा शब्द रूढ केला. त्यांचं ‘एक्सयुनिट टेस्ट पॅटर्न्स’ हे पुस्तक २००७ साली आलं. स्टब हा त्या डबलचा एक प्रकार, ठरलेलं उत्तर देणारा. दुसरा मॉक, तो आपल्याला काय विचारलं गेलं हेही तपासतो. हा फरक डोक्यात ठेवा, आमची चादर इथेच अडकली होती.

हत्यारं भरपूर आहेत आणि बहुतेक फुकट आहेत. रुबीत वेबमॉक, नोडमध्ये नॉक, पायथनमध्ये रिस्पॉन्सेस, जावावाल्यांना वायरमॉक. ब्राउझरमधून टेस्ट करत असाल तर प्लेराइट आणि सायप्रेस दोन्हीत रिक्वेस्ट अडवायची सोय आहे. वेबमॉकची एक सवय मला फार आवडते. तो लावला की बाहेरचे सगळे रस्ते आपोआप बंद. तुम्ही स्टब न केलेली एखादी रिक्वेस्ट निघाली, तर टेस्ट तिथेच पाडतो आणि सांगतो, ही रिक्वेस्ट निघाली होती, हिचा स्टब असा लिहा. आजोबांना ओटीपी गेले नसते बघा.

बरं, नेट न लागणं, टेस्ट पटकन होणं हे फायदे झाले. माझ्या मते खरा फायदा वेगळाच आहे.

तुमच्यापैकी किती जणांचं असं झालंय: यूपीआयने पैसे भरले, खात्यातून कटले, दुकानदार म्हणतो “आले नाहीत”? सगळ्यांचंच झालंय. मोबाइलवर ते गोल गोल फिरतंय आणि वर लिहिलंय ‘पेंडिंग’. रिझर्व्ह बँकेचं २० सप्टेंबर २०१९ चं परिपत्रक आहे यावर. दुकानदाराला यूपीआयने पैसे दिले, खात्यातून गेले पण दुकानदाराकडे खात्री पोचली नाही, तर व्यवहाराच्या दिवसानंतर ५ दिवसांच्या आत ते आपोआप परत यायला हवेत. त्यापेक्षा उशीर झाला तर दिवसाला १०० रुपये भरपाई. म्हणजे हे कधीतरी चुकून होणारं काही नाही. नियम करावा लागला इतकं नेहमीचं आहे.

आता सांगा, तुमची साइट अशा वेळी काय करते? ऑर्डर रद्द करते? चादर पाठवून देते? की गिऱ्हाइकाला पुन्हा पैसे भरायला लावते? हे तपासायचं कसं? बँकेला फोन करून “जरा दहा मिनिटं अडकवून ठेवा, माझी टेस्ट चालू आहे” असं सांगता येत नाही. पण स्टबला सांगता येतं. पहिल्यांदा विचारलं की ‘पेंडिंग’ म्हण, दुसऱ्यांदा विचारलं की ‘यशस्वी’ म्हण. किंवा काहीच उत्तर देऊ नको, टाइमआउट होऊ दे. किंवा गेटवे आपल्या सर्व्हरला स्वतःहून जी खबर पाठवतो, वेबहुक म्हणतात त्याला, तीच खबर टेस्टमधून दोनदा आपल्या साइटवर टाक. मग बघायचं, एका ऑर्डरच्या दोन चादरी जातायत का.

ज्या वाईट वेळा खऱ्या जगात मागून मिळत नाहीत, त्या स्टबने आणता येतात. तुमच्या सगळ्या स्टबांमध्ये फक्त ‘यशस्वी’ हेच उत्तर असेल, तर निम्मं काम राहिलंय असं समजा.

आता परत काकांच्या चादरीकडे.

रेझरपे, स्ट्राइप असे गेटवे रक्कम सर्वांत लहान एककात मागतात. रुपयांचं असेल तर पैशांत. ८५० रुपये घ्यायचे तर ८५००० पाठवायचे. आमचा कोड पाठवत होता ८५०. गेटवेने बरोबरच केलं, ८५० पैसे घेतले. त्याची काही चूक नाही.

आणि आमचा स्टब? तो मीच हाताने लिहिला होता, रात्री एक वाजता, डॉक्युमेंटेशन अर्धवट वाचून. तो फक्त पत्ता बघायचा. गेटवेच्या त्या पत्त्यावर कुठलीही रिक्वेस्ट आली की “यशस्वी, रक्कम ८५०”. आत काय पाठवलंय ते बघतच नव्हता. ८५० पाठवा, ८५००० पाठवा, शून्य पाठवा, उत्तर तेच. माझा कोड चुकीचा होता आणि माझा स्टब त्याच गैरसमजातून लिहिलेला होता. दोघांचं एकमेकांशी छान जुळलं. टेस्ट हिरवी.

हेच आजचं मुख्य म्हणणं आहे. स्टब म्हणजे दुसरा कसा वागेल याबद्दल तुम्ही केलेलं विधान. ते विधान खरं आहे का, हे स्टब स्वतः कधीच सांगणार नाही. ते तुम्हालाच तपासावं लागतं.

कसं तपासायचं? त्या फोननंतर आम्ही चार सवयी लावून घेतल्या.

पहिली: स्टबला रिक्वेस्टच्या आतलं बघायला लावा. पत्ता बरोबर आहे का, मेथड बरोबर आहे का, आणि रक्कम ८५०००, करन्सी आयएनआर आहे का. नसेल तर उत्तरच देऊ नको. ही एक ओळ असती तर साडेआठ रुपयांची चादर गेली नसती. अर्थात, ८५००० हा आकडा गेटवेच्या डॉक्युमेंटेशनमधून यायला हवा, आपल्या अंदाजातून नाही.

दुसरी: उत्तर मनाने लिहू नका, खरं उत्तर नोंदवून घ्या. जकार्डच्या मागावर नक्षी कशी येते? भोकं पाडलेल्या पट्ट्या आधी तयार असतात, माग त्या वाचत जातो आणि मोर किंवा फूल दर वेळी तसंच्या तसं उतरतं. रुबीतलं व्हीसीआर नावाचं साधन तसंच चालतं. पहिल्यांदा खरी रिक्वेस्ट जाऊ देतं, आलेलं उत्तर फाइलमध्ये ठेवतं, त्या फाइलला ते कॅसेटच म्हणतं, आणि पुढच्या वेळी तीच कॅसेट वाजवतं. एक काळजी घ्या: नोंदवताना तुमची गुप्त की पण त्या फाइलमध्ये जाते. ती गाळायची सोय व्हीसीआरमध्ये आहे, ती वापरा. नाहीतर कॅसेट गिटहबवर आणि तुमची की सगळ्या गावात.

तिसरी: कॅसेट जुनी होते. समोरच्याने एखाद्या फील्डचं नाव बदललं, तुमची कॅसेट जुनंच गाणं वाजवत राहील आणि टेस्ट हिरव्याच राहतील. म्हणून ठरावीक दिवसांनी ती पुन्हा नोंदवा. समोरचा सर्व्हर तुमच्याच ऑफिसमधल्या दुसऱ्या टीमचा असेल, तर कॉन्ट्रॅक्ट टेस्टिंग बघा. त्यासाठी पॅक्ट नावाचं साधन आहे. तुम्ही काय अपेक्षा ठेवलीय ते लिहून त्यांच्याकडे जातं आणि त्यांचा कोड त्या अपेक्षेवर तपासला जातो.

चौथी, आणि मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते ती: थोड्या टेस्ट खऱ्या ठेवा. दोन किंवा तीनच. त्या प्रत्येक वेळी चालवू नका, रात्री एकदा किंवा साइट सुरू करण्याआधी चालवा. गेटवेंना टेस्ट मोड असतो. खोटे पैसे, पण सर्व्हर खरा. रेझरपेच्या टेस्ट मोडमध्ये पेमेंट यशस्वी करायला एक आणि फसवायला एक असे ठरलेले यूपीआय आयडीसुद्धा दिलेत. आम्ही तिथे एकदाच, हाताने, एक चादर विकत घेऊन बघितली असती तर स्क्रीनवर ढळढळीत दिसलं असतं: ₹८.५०. पाच मिनिटांचं काम होतं.

आमच्याकडे नवीन मुलं येतात, इथल्याच इंजिनिअरिंग कॉलेजातली. बरेच जण वर्ष-दोन वर्षांत पुण्याला जातात, तो वेगळा विषय. इंटरव्ह्यूत विचारलं की सगळे सांगतात, “सर, स्टब येतो.” छान. मग मी पुढचा प्रश्न विचारतो, “तुझा स्टब खोटं बोलत नाही हे तुला कसं कळतं?” यावर जो थांबून विचार करतो ना, तो मला आवडतो.

जाता जाता आज रात्री करायचा एक प्रयोग. लॅपटॉपचं वायफाय बंद करा. मोबाइलचा हॉटस्पॉट पण बंद. आता तुमच्या टेस्ट चालवा. जी टेस्ट पडेल, ती चोरून बाहेर बोलत होती. तिला स्टब लावा. मग वायफाय परत चालू करा आणि प्रत्येक स्टबसमोर बसून स्वतःला विचारा: हे उत्तर मी कुठून आणलं? खऱ्या सर्व्हरकडून की डोक्यातून? डोक्यातून आलेल्यांची यादी करा आणि उद्या तेवढ्याच तपासा.

काकांची साइट अजून चालू आहे. पैसे बरोबर येतात. पण दिवाळीच्या गर्दीआधी त्यांचा फोन अजून येतो, “बाळा, एकदा स्वतः एक चादर घेऊन बघ रे.” आणि मी दर वेळी घेतो. टेस्ट मोडमध्ये नाही, खऱ्या पैशांनी, पूर्ण ८५० भरून. घरात आता बऱ्याच चादरी झाल्यात.

तुमच्या स्टबने तुम्हाला कधी फसवलं असेल तर आम्हाला कळवा, पुढच्या भागात नाव न घेता वाचून दाखवू. भेटू पुढच्या आठवड्यात. तोपर्यंत, काळजी घ्या, आणि रात्री एक वाजता पेमेंटचा कोड लिहू नका!