अठराव्या वर्षानंतर



2024 च्या मे महिन्यात राज्य लोकसेवा आयोगाच्या लिपिक-टंकलेखक परीक्षेत यश मिळवल्याबद्दल माला पापळकर हे नाव वर्तमानपत्रांत झळकले. माला दृष्टिहीन. लहानपणी जळगाव रेल्वे स्थानकाच्या कचराकुंडीत सापडलेली. मथळ्यांच्या एका टोकाला कचराकुंडी होती, दुसऱ्या टोकाला सरकारी नोकरी. मधली वीस-पंचवीस वर्षे दोन ओळींत आटोपली. मला बोलायचे आहे ते त्या दोन ओळींविषयी.

अमरावती जिल्ह्यात परतवाड्याजवळ वझ्झर इथे शंकरबाबा पापळकरांचे अनाथ, दिव्यांग मुलांचे बालगृह आहे. माला तिथेच वाढली. त्याच वर्षी बाबांना पद्मश्री जाहीर झाली होती. आपल्याकडे आलेल्या मुलांच्या कागदपत्रांवर बाबांनी वडील म्हणून स्वतःचे नाव लावले. कायद्याच्या भाषेत हे दत्तक नव्हे. पण दाखल्यावर वडिलांच्या नावाची ओळ भरलेली असली की खिडकीपलीकडचा कारकूनही पुढचा नकोसा प्रश्न विचारत नाही.

खरी अडचण पुढे येते. बाल न्याय अधिनियमानुसार अठरा वर्षे पूर्ण झाली की मूल 'बालक' राहत नाही आणि बालगृह सोडावे लागते. त्यानंतर राहण्यासाठी अनुरक्षणगृहाची सोय आहे, तीही साधारण एकविशीपर्यंत. आपल्या घरातले अठरा वर्षांचे पोर आठवा. बारावीचा निकाल हातात, आणि आंघोळीचा टॉवेल अजून पलंगावर! बाबांचे सरकारशी भांडण नेमके यावरून आहे. दिव्यांग मुलाला अठराव्या वर्षी बाहेर काढू नका, एवढेच त्यांचे मागणे. त्यांच्याकडे मुली मोठ्या झाल्या, काहींची लग्ने त्यांनीच लावून दिली. वय झाले म्हणून कुणाला वाटेला लावले नाही.

मालाने अमरावतीच्या महाविद्यालयातून पदवी घेतली. दृष्टिहीन मुलीचा अभ्यास एकटीचा नसतो. कुणी पुस्तक वाचून दाखवायचे, कुणी धडे ध्वनिमुद्रित करून द्यायचे, परीक्षेसाठी लेखनिक गाठायचा, त्याच्या परवानगीचे कागद हलवायचे. बरे, एवढे करून स्पर्धा परीक्षा पहिल्याच झटक्यात कितीजणांची निघते? मालालाही आधी अपयश आले. तेव्हा परत यायला वझ्झर होते. हुशारी तिचीच, पण नापास होऊन पुन्हा बसायची मुभा घरच देते.

असे घर दत्तकातूनही मिळू शकते. पण दत्तक इच्छुकांची केंद्रीय दत्तक प्राधिकरणाकडे, म्हणजे 'कारा'कडे, रांग मोठी आहे ती मुख्यतः तान्ह्या, निरोगी बाळासाठी. आठ-दहा वर्षांची, अधू मुले मागे राहतात. त्यांतली बरीच परदेशी कुटुंबांत जातात. मोठे मूल रुळत नाही, असे आपल्याकडे सर्रास बोलले जाते. वेळ लागतो, हे खरेच. संस्थेतून आलेले पोर पोळी उशीखाली लपवते. त्यावर न ओरडता सकाळी आणखी एक पोळी वाढणारी आई लागते. दत्तकानंतर दोन वर्षे, दर सहा महिन्यांनी समाजकार्यकर्ता चौकशीला येतो, तो अशा वेळी उपयोगी पडतो. त्याला पाहुण्यासारखे चहा-पोह्यांवर बोळवू नये.

आणि वयाचे म्हणाल, तर दोन वर्षांपर्यंतच्या बाळासाठी पती-पत्नींच्या वयांची बेरीज 85 च्या आत लागते. आठ वर्षांवरील मुलासाठी ती 110 पर्यंत चालते. 'आमचे आता वय झाले' म्हणणाऱ्या पन्नाशीच्या जोडप्यांनी ही बेरीज एकदा करून पाहावी.